न्हाणीतली फुस्स

"ताई, सोडा म्हणजे शत्रू. आणि दारू म्हणजे शत्रूचा बाप," कल्याणच्या हॉस्पिटलातल्या डाएटच्या मॅडम म्हणाल्या होत्या. "ह्यांचं जठर आता केळ्याएवढं राहिलंय. गॅस गेला तर फुगून जीव कासावीस होईल. दारू तर थेट रक्तात जाते, एकाचे चार पेग होतात. आणि हो, तुम्हीही वर्षभर घरात बाटली आणायची नाही. तुम्हीसुद्धा प्यायची नाही."

मी हसले. "मॅडम, मी बी.कॉम. फर्स्ट क्लास आहे. तुम्ही ह्यांचं बघा, माझी काळजी सोडा."

वहीत मी सगळं लिहून घेतलं. शेवटची ओळ तेवढी लिहिली नाही.

रितेश म्हणजे माझा नवरा. टोकावड्याला माळशेज रस्त्यावर आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. जठर लहान करायच्या ऑपरेशनच्या आधी त्याचं वजन एकशे बेचाळीस किलो होतं. एसटीत तो खिडकीशी बसला की कंडक्टर शेजारच्या सीटचं तिकीट कोणाला देत नसे. आता तो सत्याण्णववर आलाय. चार वर्षांच्या कुणालीला खांद्यावर घेऊन पळतो. तीन घासांत जेवण संपवतो आणि उरलेला वेळ माझ्या ताटाकडे बघत बसतो.

त्याला भाकरीची आठवण येत नाही, बिर्याणीची येत नाही. आठवण येते ती गोटी सोड्याची.

त्यात माझाही दोष आहे. आम्ही मुरबाडच्या कॉलेजात होतो तेव्हा स्टँडबाहेर एक सोड्याची गाडी लागायची. दोघांत एक बाटली. रितेश अंगठ्याने गोटी दाबायचा, फुस्स व्हायचं, अर्धा सोडा माझ्या ओढणीवर यायचा आणि तो म्हणायचा, "सॉरी, दुसरी घेऊया." आमचं लग्न त्या ओढणीने जमवलं. परवा मुरबाडच्या बाजाराला गेलो तर त्याने गाडी बरोबर तिथेच थांबवली.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"काय नाय. जरा उभं राहू."

उभे राहिलो. समोर दोन पोरींनी सोडा फोडला. रितेशने डोळे मिटून घेतले. आरतीला मिटतो तसे.

मला त्या सोड्याची तेवढी भीती नव्हती. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. ऑपरेशनला तीन महिने झाले होते, जवळच्या वैशाखरे गावात चुलतभावाची हळद होती. मित्रांनी आग्रह केला, "अर्ध्या ग्लास बिअरने काय होतं रे?" दहा मिनिटांत रितेश मांडवाच्या खांबाला मिठी मारून त्याला 'काका' म्हणत होता. लोक हसत होते, मीही हसले. मग त्याला दरदरून घाम फुटला, हात बर्फासारखे झाले, हाक मारली तरी ओ देईना. साखर उतरली होती. सरकारी दवाखान्यात सलाईन संपेपर्यंत मी कुणालीला कडेवर घेऊन उभी होते. डॉक्टर "बसा" म्हणाले तरी बसता आलं नाही.

तेव्हापासून मी पोलीस झाले. घरात आला की "तोंड उघड". दुकानात अचानक धाड. त्याचा पाण्याचा थर्मास हुंगायचा. त्याने एकदाही चिडचिड केली नाही. उलट उन्हाळा लागल्यापासून रोज बरोबर बाराला दुकान बंद करून घरी यायला लागला. शेजारणी म्हणायच्या, "नवरा बायकोसाठी येतोय हो." मी नुसती लाजायचे.

आता माझं पाप सांगते.

चैत्रात उन्हाने डोकं फिरलं आणि मी लिंबाच्या थंड्याची एक छोटी बाटली घेतली. नवरा तहानलेला असताना त्याच्यासमोर कशी पिणार? म्हणून ती न्हाणीत बंबामागच्या लाकडांत लपवली. संपली की दुसरी. दुपारी सगळं आवरलं की दार लावायचं, नळ पूर्ण सोडायचा, बादली वाजवायची, जोरात खोकायचं आणि त्या गोंधळात झाकण फिरवायचं. फुस्स! एवढं करून चार घोट. पण ते चार घोट म्हणजे मुरबाड स्टँड.

एक दिवस दार उघडलं तर समोर कुणाली.

"आई, तू काय पितेस?"

"काही नाही. बाबांना सांगू नको हं."

तिने खरंच बाबांना सांगितलं नाही. अंगणवाडीत सांगितलं. 'घरी कोण काय करतं' असा तास होता. माझी लेक उभी राहून म्हणाली, "माझी आई दार लावून बाटली पिते. मग ढेकर देते. बाबांना सांगू नको म्हणते."

तिथली मदतनीस बारकी. तिने ते धोंडीकाकूंना सांगितलं. धोंडीकाकू म्हणजे आमच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष. मतदान घेऊन गावात बाटली आडवी केली ती ह्याच बाईने. आणि ह्या समितीची सेक्रेटरी कोण? मी. 'संशयिताच्या घरी पूर्वसूचना न देता जावे' हा ठराव माझ्याच अक्षरात आहे.

दुसऱ्या दिवशी बाराला अकरा बायका थाळ्या वाजवत अंगणात.

"काकू, कोणाकडे निघालात? मला सांगायचं नाही का? थांबा, वही आणते."

"वही राहू दे गो. तुझ्याकडंच आलोय."

"माझ्याकडे?"

"आमी सांगून जात नाय. तूच लिवलंयस तसं."

रितेश ओटीवर येऊन उभा राहिला. "धोंडीकाकू, ती दारू पीत नाय."

"तुला काय म्हाईत? नवऱ्यालाच शेवटी कळतं," काकूंनी त्याला गप्प केलं. मग माझ्याकडे वळल्या. "खरं सांग. कधीपासून?"

"चैत्रापासून," मी म्हटलं. मला वाटलं, थंड्याचंच विचारतायत. रितेशच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यासाठी सगळं गाव आलंय.

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

बायकांनी तोंडाला पदर लावले.

"रोज?"

"सोमवार सोडून. उपास असतो."

"बघा, देवाला तरी भिते," मागून कोणीतरी म्हणालं.

बाटली मीच काढून दिली. काकूंनी हुंगली. "लिंबाचा वास येतो."

"वासावर नका जाऊ," बारकी म्हणाली. "हल्ली मिसळून पितात."

मग काकूंनी तळहातावर घेऊन चाखली. बराच वेळ तोंडात घोळवली. "दारूची चव कशी असते गो?"

सगळ्या बारकीकडे बघायला लागल्या. बारकी म्हणाली, "मला कशाला बघता?" आणि तिनेही चाखली. मग तिसरीने, चौथीने. पुरावा अकरा तळहातांवरून फिरला आणि संपला.

"नुसता थंडा हाय," काकूंनी निकाल दिला आणि लांबलचक ढेकर दिली. पाठोपाठ समितीनेही दिली. थाळ्या उलट्या धरून सगळ्या निघून गेल्या.

रितेश पायरीवर रिकामी बाटली हातात घेऊन बसला होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"रोज ऐकू यायचं. मी मागच्या पडवीत बसायचो ना." त्याने झाकण फिरवून बघितलं. आवाज आला नाही. "गोटीसारखा नाय गो, मने. पण जवळचा होता."

म्हणजे बाराला तो माझ्यासाठी येत नव्हता. फुस्ससाठी येत होता.

मी त्याच्या हातातली बाटली घेतली आणि मॅडमची वहीत राहिलेली शेवटची ओळ त्याच दिवशी लिहून टाकली. पंधरा दिवस झाले, घरात बाटली नाही. निदान मी तरी आणलेली नाही.

हे लिहितेय तेव्हा दुपारचे सव्वाबारा झालेत. रितेश वीस मिनिटं न्हाणीत आहे. नळ पूर्ण सोडलाय. मघाशी बादली वाजली आणि आता तो खोकला. तसा खोकला आमच्या घरात फक्त मला येतो.

कुणाली तापाने फणफणून आत्ताच कुठे माझ्या मांडीवर झोपलीय, मला हलता येत नाही. तुमच्यापैकी कोणी माळशेजच्या गाडीत असेल तर कृपा करून टोकावड्याला उतरा. मागच्या पडवीतून या आणि न्हाणीच्या दाराला कान लावा. नुसतीच फुस्स ऐकू आली तर त्याला राहू द्या, काही बोलू नका.

घोट ऐकू आला, तर मात्र मला हाक मारा.