निळोजीराजे यांनीं चहाचे ग्रंथ वाचिले त्याची हकिकत

श्री. चूल पेटती राहो, पाणी उकळतें राहो, ऐकणाराचे मुखीं गोडवा राहो. शके सत्राशें बहात्तर, साधारणनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस एका राज्यांत वर्तमान घडलें तें ऐसें जे, निळोजी महाराज सदरेस बसले, शेजारीं कारभारी अंताजीपंत बसले, आणि मुदपाकखान्याचे वडील आचारी केसोभट यांनीं नित्याप्रमाणें चहा पाठविला, आणि पंतांनीं पहिला घोट घेतला आणि तोंड ऐसें केलें कीं चोपदार धावला. चहांत साखरेऐवजीं मीठ पडलें होतें आणि वर तुपाचा तवंग होता. मग पंत बोलिले, "महाराज, भटजींची नजर गेली. आतां त्यांस घरीं बसवावें." केसोभटास दुसरें घर तें कोणतें? मुदपाकखाना तेंच घर. महाराज तीन वर्षांचे असतां मातोश्री निवर्तल्या. त्यांस आईचा चेहरा आठवत नव्हता, केसोभटाच्या हातची मऊ पेज मात्र आठवत होती. म्हणोन महाराज तोंडास आलें तें बोलोन गेले, "पंत, ही चूक नव्हे. ऐसा चहा एके देशीं पितात." पंतांनीं पुसिलें, "कोणते देशीं?" महाराज म्हणाले, "उद्यां सांगूं."

मग महाराजांनीं दुभाषे बोलाविले, आणि बंदराहून आलेले चहावरील ग्रंथ कोठींतून काढविले, आणि वाचीत बसले, आणि तिसरे प्रहरीं "सांपडला!" म्हणोन ऐसे ओरडले कीं पागेंतले घोडे बुजले. हिमालयापलीकडे भोट म्हणजे तिबेट देशीं चहांत मीठ आणि लोणी घालोन घुसळतात, ऐसें छापील होतें. केसोभटांची चूल राहिली. पुढें आठ दिवसांनीं केसोभट दूध आणि साखर दोन्ही विसरले; महाराजांनीं चीन देशीं तैसाच कोरा पितात ऐसा दाखला काढिला. मग पानें चुलीशीं राहोन धुरकटलीं, महाराज बोलिले, "तिकडेच एके डोंगरीं चीड वृक्षाच्या लांकडांच्या धुरावर पानें मुद्दाम सुकवितात. पंत, आपणांस घरबसल्या लाभ जाहला." मग पेल्यांत गाळल्याविना भुगाच आला, तेव्हां जपान देशीं हिरवी पूड बांबूच्या कुंचल्यानें घुसळोन तशीच पितात, हें निघालें. ऐसें करितां महाराजांस ग्रंथांची गोडीच लागली. हिरवा काय, काळा काय, पांढरा काय, सारीं एकाच झुडपाचीं पानें, फरक तो खुडण्यासुकविण्याचा, हें ते जेवतां जेवतां राणीसाहेबांस सांगों लागले, आणि राणीसाहेब "बरें, भात घ्या" म्हणों लागल्या. चोपदार तर सकाळीं एकमेकांस पुसत, "आज कोणता देश?"

पुढें माघांत शेजारचे राजे भेटीस आले, भर दरबार भरला, आणि पेले फिरले. पाहतात तों दूध आहे, साखर आहे, आलें आहे, आणि चहा म्हणोन नाहीं. पाहुणे पेल्यांत पाहूं लागले. पंत गालांतल्या गालांत हंसोन बोलिले, "महाराज, हा कोणते देशींचा?" तों केसोभट स्वतःच दारांतून पुढें आले, धोतरावरून कमरेस बांधलेला पंचा सोडोन हातीं घेतला, आणि म्हणाले, "महाराज, पानंच घालायची राहिली. डबे दिसत नाहीत मला. लाज वाटत होती म्हणून इतके दिवस बोललो नाही. आता सोडा मला." मग महाराज बोलिले, "आम्हीं सगळे ग्रंथ वाचिले. हा चहा कोणत्याही देशींचा नव्हे." पंत खुलले. महाराज पुढें बोलिले, "म्हणोन आमचे देशींचा. लिहोन घ्या, पंत." आणि पेला तोंडास लाविला, एका दमांत रिकामा केला, आणि पाहुण्यांकडे ऐसें पाहिलें कीं तेही प्याले. पंतांनीं लिहिलें, आणि लिहितां लिहितां डोळे पुसले, आणि कोणी पाहिलें तर आल्याचा तिखटपणा सांगितला.

दुसरे दिवशीं प्रातःकाळीं महाराज स्वतः पायीं चालोन मुदपाकखान्यांत गेले आणि चुलीशीं पाटावर बसले. केसोभट घाबरोन म्हणाले, "महाराज, इथं कशाला?" महाराज म्हणाले, "भटजी, हात तुमचा. नजर आमची." आणि डबा ओळखोन पुढें केला.

तात्पर्य, महाराजांनीं ग्रंथ एकतीस वाचिले, आणि ते सगळे एका म्हाताऱ्याची चूल राखण्यास पुरले. केसोभट पुढें सहा वर्षें त्याच चुलीशीं राहिले आणि तेथेंच शांतपणें गेले. त्या दिवसापासोन महाराजांनीं चहा सोडिला. येथें लेखणी ठेविली.