तोरकिलचा खांदा आणि डागमार कोंबडी

"या उन्हाळ्यात माझ्यात फरक पडलेला दिसेल तुला," तोरकिल बुंडगोर बायकोला ऐटीत म्हणाला.

मेरेटने राय धान्याच्या पावावर लोणी लावता लावता विचारलं, "चांगला की वाईट?"

हा प्रश्न त्याला झोंबला, पण तिचं काही चुकलं नव्हतं. साठी ओलांडल्यापासून तोरकिलचं इंजिन थंडावलं होतं. जेवता जेवता तो पेंगायचा. बातम्यांत कुठला अनोळखी स्टेशनमास्तर निवृत्त झाला तरी याचे डोळे भरून यायचे. रात्री मेरेट दिवा घालवून वळेपर्यंत हा घोरत असायचा. शेवटी तो गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेला. रक्त तपासून त्या म्हणाल्या, "पुरुषी हार्मोन फारच खाली गेलंय," आणि त्यांनी एक जेल लिहून दिलं. रोज सकाळी खांद्यांना चोळायचं, वाळू द्यायचं, वर शर्ट घालायचा.

"आणि एक सांभाळा," त्या म्हणाल्या. "बायकोच्या अंगाला लागू देऊ नका. नाहीतर तुम्ही राहाल तसेच आणि मिशा फुटतील त्यांना."

तोरकिलने हे एवढं मनावर घेतलं की विचारू नका. मेरेटला जेलचं सांगायचं नाही, एकदम रुबाबदार होऊनच दाखवायचं, असा त्याचा बेत होता. त्यामुळे भर जुलैत हा पठ्ठ्या गळ्यापर्यंत बटणं लावून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून झोपू लागला, तोही पलंगाच्या पार काठावर. मेरेटने चुकून हात टाकला, तर तापल्या तव्याला हात लागल्यासारखा उडायचा.

"उकडत नाही का रे?"

"छे. गारवा आहे."

काही दिवसांनी मेरेटने हात टाकणंच सोडून दिलं.

उन्हाळाभर दोघांचा मुक्काम ओडेन्स शहराबाहेरच्या बागवसाहतीत असे. मेरेटच्या वडिलांच्या नावचा जमिनीचा तुकडा, त्यातलं लाकडी घर, गुलाब, चार कोंबड्या. पहाटे मेरेट झोपलेली असताना तोरकिल जेल चोळायचा आणि खांदे वाळवत उघड्या अंगाने पायरीवर कॉफी घेत बसायचा. डागमार ही त्याची लाडकी कोंबडी. पिल्लू होती तेव्हापासून तिला त्याच्या खांद्यावर बसायची सवय. ती चढायची, पाय घासायची, खांद्यावर चोची मारायची. कोंबडीबद्दल डॉक्टरीणबाई काही बोलल्या नव्हत्या.

हळूहळू फरक दिसायला लागला. तोरकिलच्या कपाळावर एक मुरूम आला. डागमारचा तुरा मात्र लालभडक होऊन डोळ्यावर लोंबायला लागला. तिने अंडी बंद केली, छाती काढून चालायला लागली आणि शेजारच्या मांजराला एका दुपारी पेअरच्या झाडावर चढवून बसली. तोरकिल कौतुकाने बघत राहिला. खुराक चांगला लागलाय, असं त्याला वाटलं.

मग एका पहाटे ती आरवली.

बागवसाहतीत कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही. ज्याने ठेवला त्याचा तुकडा जातो. तोरकिलने घाईघाईने खुराड्यावर घोंगडी टाकली. पण कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि हिला तर झाकल्यावर जास्तच जोर आला. नाश्त्याच्या आत वसाहतीची अध्यक्षीण गुड्रुन कुंपणाशी हजर झाली. बरोबर एगॉन होता, समोरच्या बागेतला निवृत्त जनावरांचा डॉक्टर. सगळा जन्म डुकरांच्या कलकलाटात काढल्यामुळे हळू बोलणं त्याला माहीतच नव्हतं.

"तोरकिल, कोंबडा कुठाय?" गुड्रुनने विचारलं.

"कोंबडा? नाही बुवा."

"मग आरवलं कोण?"

"मी," तोरकिल म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही. "घसा साफ करत होतो."

"परत कर बघू."

तोरकिलने डोळे मिटून प्रयत्न केला. त्याचा आवाज अर्ध्यात चिरकला आणि उरलेला आलाप डागमारने घोंगडीखालून खणखणीत पुरा केला. आजूबाजूच्या कुंपणांवरून डोकी वर आली. मेरेट झोपेच्या कपड्यांतच दारात येऊन उभी राहिली.

"बाबांची बाग घालवतोस की काय?" ती हलक्या आवाजात म्हणाली. आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

एगॉनने डागमारला उचललं, उलटीपालटी केली, तुरा चिमटीत धरला. "आहे कोंबडीच. पण हिच्या पोटात नराचं हार्मोन जातंय. घरात कुणी काही लावतं का?"

तोरकिल त्याच्या कानाशी वाकला आणि कुजबुजला.

"पुरुषी हार्मोनचं जेल?" एगॉन म्हणाला आणि पाचव्या बागेतल्या माणसाच्या हातातलं पाणी घालायची झारी थांबली. "खांद्याला चोळतोस? आणि ही तिथेच बसते? अरे, मग तुझा सगळा डोस कोंबडीच खातेय की."

कुणीतरी खोकून हसू दाबलं. गुड्रुन गुलाबांकडे बघत म्हणाली, "नियम कोंबड्याचा आहे. ही कोंबडी आहे. आवाज उतरेपर्यंत एगॉनच्या गावाबाहेरच्या शेतावर ठेवा," आणि तिने सगळ्यांना पिटाळलं.

राहिली मेरेट. "म्हणून ते शर्ट?"

"तुझ्या अंगाला लागू नये म्हणून."

"मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला." ती पायरीवर बसली. "म्हणजे जे माझ्यासाठी आणलंस, ते मला लागू नये म्हणून पलंगाच्या काठावर लोंबकळलास. आणि कोंबडीला खांद्यावर घेतलंस."

तोरकिल आत गेला. साबण लावून खांदे लाल होईपर्यंत घासले, पुसले आणि येऊन तिच्या शेजारी बसला. मेरेटने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. आता काहीतरी गोड बोलायला हवं, म्हणून तोरकिल शब्द जुळवायला लागला.

"कोंबडीचा वास येतोय," मेरेट म्हणाली. पण डोकं तिने हलवलं नाही.