काळ्या गाडीला मेण

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात. इथे फांदी शाबूत राहिली. कावळा नुसता बसला, खाली सासऱ्यांच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर जे करायचं ते करून मोकळा झाला, आणि उडून गेला.

गाडीवर एरवी कव्हर असायचं. ते आदल्या संध्याकाळी जावयानेच काढलं होतं आणि परत घालायला तोच विसरला होता. सासरे त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आठ दिवस थोरल्या मुलीकडे गेले होते. जाताना त्यांनी गाडीची किल्ली जावयाच्या हातात दिली होती. लग्नाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा!

"रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा," त्यांनी बजावलं होतं. "बाकी कशाला हात लावू नका. तुमचा हात शिक्के मारायचा आहे."

जावई टपाल कचेरीत होता आणि खरोखरच शिक्के मारायचा, त्यामुळे उलट बोलायची सोय नव्हती. सासरे घड्याळजी. तांदळाच्या कणीएवढा स्क्रू चिमट्यात धरून आयुष्य काढलेला माणूस. गेली दोन वर्षं नजर अधू झाल्यामुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, पण रोज सकाळी तिला पिवळ्या फडक्याने पुसणं सोडलं नव्हतं. जावयाच्या हातून कप फुटला तरी ते "चालायचंच" एवढंच म्हणायचे, आणि ते 'चालायचंच' शिवीपेक्षा जास्त लागायचं. या किल्लीने आपली पत सुधारेल अशी बिचाऱ्याला आशा होती.

आणि सासरे आज संध्याकाळीच परत येणार होते.

"अहो, पाण्याने पुसून टाका की," बायको म्हणाली.

त्याने पुसलं. घाण निघाली, डाग राहिला. मग बायकोने भांड्यांचा साबण आणि घासणी दिली.

"ओरखडे पडतील गं."

"तारेची नाही, हिरवी आहे. माझी कढई बघा कशी लख्ख आहे ती!"

कढई लख्ख होती, हे खरं. त्याने गोल गोल घासलं. घासणी एकदा हातातून निसटून मातीत पडली, ती त्याने बादलीत बुचकळली आणि पुन्हा कामाला लावली. डाग गेला. डागाबरोबर चकाकीही गेली. आरशासारख्या बॉनेटवर ताटाएवढा भुरकट गोल उमटला.

"मेण लावावं लागेल," तो खोल आवाजात म्हणाला, आणि दुकानातून गाडीच्या मेणाचा डबा घेऊन आला. नुसत्या गोलालाच लावलं तर तेवढाच उठून दिसेल, म्हणून त्याने सगळ्या बॉनेटला लावलं. सढळ हाताने, पोळीला तूप लावावं तसं. ऊन चांगलं तापलं होतं. लवकर वाळेल, म्हणून त्याला बरंच वाटलं.

वाळलं. असं वाळलं की काळी गाडी समोरून चुना फासल्यासारखी दिसू लागली. फडक्याने हलेना, नखाने निघेना. तेव्हा त्याने डब्यामागची बारीक अक्षरं वाचली. उन्हात लावू नये, पातळ लावावे, वाळण्यापूर्वी पुसावे. तीनही गोष्टी त्याने नेमक्या उलट्या केल्या होत्या. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

इतक्यात वरच्या मजल्यावरचा सुतार जिना उतरून आला. त्याने बॉनेटवरून बोट फिरवलं.

"एवढंच ना? लाकडावर चढलेलं मेण आम्ही कसं काढतो? शून्य नंबरचा पॉलिश पेपर!"

"पण हे लाकूड नाही हो."

"फिनिशिंग ते फिनिशिंग. लाकूड काय, पत्रा काय! हात हलका पाहिजे."

बुडत्याला काडीचा आधार. सुताराचा हात हलका होता, पण त्याला कामावर जायचं होतं. तो दोनदा फिरवून दाखवून निघून गेला. राहिला तो शिक्के मारायचा हात.

तासाभराने मेण निघालं. बायको खाली आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे होते आणि मधला भुरकट गोल आता परातीएवढा झाला होता.

"संपलं," तो पायरीवर बसत म्हणाला. "अकरा वर्षांची वाट लावली मी."

"असं काय करता? बाबांना कुठे एवढं दिसतंय?"

त्याने मान वर केली. क्षणभर त्याला हायसं वाटलं. मग दोघांना एकदमच आठवलं की ऑपरेशन त्यासाठीच झालं होतं.

संध्याकाळी सासरे रिक्षातून उतरले. आल्या आल्या त्यांनी जावयाच्या शर्टाचं तुटलेलं बटण ओळखलं, गच्चीच्या कठड्यावरच्या चिमण्या मोजल्या, आणि मग काळा चष्मा काढून ते गाडीकडे वळले. जावयाने डोळे मिटून घेतले.



"अरे देवा," सासरे हळू आवाजात म्हणाले. "हे मी केलं?"

जावयाने डोळे उघडले. सासरे बॉनेटवर बोटं फिरवत होते.

"दोन वर्षं रोज इथे फडकं फिरवतोय. फडक्यात खडे असणार, मला दिसलेच नाहीत. आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत!"

जावयाच्या छातीवरचा धोंडा उतरला. देव पावला! गप्प बसलं की झालं. पण सासरे तिथेच पायरीवर टेकले, जिथे तो दुपारी बसला होता, आणि आपली बोटं डोळ्यांजवळ धरून बघू लागले.

"आणि नीट दिसत नसताना याच हातांनी मी लोकांची घड्याळं उघडत होतो," ते म्हणाले. "काय केलं असेल मी त्यांचं?"

आता मात्र त्याला राहवेना. "बाबा, तुम्ही नाही. मी केलं. आज सकाळी. घासणीने."

"घासणीने?"

"आधी घासणीने. मग उन्हात मेण लावलं. मग पॉलिश पेपरने घासलं."

सासरे त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. मग त्यांच्या नव्या डोळ्यांत पाणी आलं.

"पॉलिश पेपर! गाडीला!" ते म्हणाले. "अहो, कोणी शहाणा माणूस असं करेल का? खोटंसुद्धा बोलता येत नाही तुम्हाला."

"खरंच सांगतोय. हिला विचारा."

"हो बाबा, घासणी मीच दिली," बायको म्हणाली.

"दोघांनी ठरवून म्हाताऱ्याचं मन राखताय." सासरे उठले, त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "अकरा वर्षं मी तुला धांदरट समजत आलो. माझंच चुकलं. बाबा रे, तुझ्यासारखं मन माझ्या पोटच्या पोरांचंही नाही."

अकरा वर्षांत सासऱ्यांनी त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. सुख म्हणावं की दुःख, त्याला कळेना. त्याने शेवटचा प्रयत्न म्हणून पॉलिश पेपरचा तुकडा खिशातून काढून दाखवला. सासऱ्यांनी तो कौतुकाने पाहिला.

"पुरावासुद्धा आणलास!" ते म्हणाले, आणि त्यांनी पिशवीतून पिवळं फडकं काढून त्याच्या हातात ठेवलं. "माझ्या हाताचा आता मला भरवसा नाही. गाडी आजपासून तुझी. रोज सकाळी सहाला तू पुसायचीस. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन."

"तुम्ही कशाला त्रास घेता, बाबा?"

"त्रास कसला? इतक्या वर्षांनी सगळं स्वच्छ दिसतंय." त्यांनी खरोखरच पायरीजवळची खुर्ची ओढून घेतली. "हं, कर सुरुवात. गाडीचं दार पूस आधी. बघू तुझा हात."