संयुक्त प्रवासी निवारा

ग्रामसेवक अंकुश रामटेके यांनी ग्रामसेवक अंकुश रामटेके यांना तिसरं स्मरणपत्र पाठवलं, तेव्हा जून महिना अर्धा सरला होता. पाठवणारा आणि घेणारा माणूस एकच, कारण पिपरबोडी आणि मोहटोला या दोन्ही ग्रामपंचायतींचा कारभार एकट्या अंकुशच्या गळ्यात होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो पिपरबोडीत बसून मोहटोल्याला पत्रं लिही आणि उरलेल्या दिवशी मोहटोल्यात बसून त्यांना उत्तरं देई. उत्तर द्यायला उशीर तोच करी आणि त्याबद्दल नाराजही तोच होई. तसा तो मुळातच उदास माणूस. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो कुणाच्या तरी सांत्वनाला आल्यासारखा दिसतो.

विषय बसचा होता. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा डेपो तिकडे गेला आणि या दोन गावांची एकुलती बसही त्याच्याबरोबर गेली. त्यानंतर बरीच वर्षं अर्ज तेवढे ये-जा करत राहिले. शेवटी इकडच्या डेपोने कळवलं, की दोन गावांमधल्या तलावाच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा, रस्ता बेशरमाच्या झुडपांनी गिळला आहे, तो मोकळा करा, बस वळायला जागा करा आणि प्रवाशांसाठी निवारा बांधा. दोन्ही ग्रामपंचायतींनी हे मिळून केलं, तर सकाळी पावणेसातची तालुक्याची गाडी दोन महिने चालवून पाहू, पुढचं पुढे.

या बसची सर्वांत जास्त वाट पाहत होता लिलाधर. त्याच तलावात जाळं टाकणारा ढीवर. त्याची मुलगी प्रेरणा बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के घेऊन पास झाली होती आणि कॉलेज होतं अठरा किलोमीटरवर. तो रोज सकाळी कार्यालयाच्या पायरीशी येऊन उभा राही.

"साहेब, बस येईन का जी?"

"प्रक्रिया चालू आहे, लिलाधर."

"येईन त पोरगी कॉलेजात जाईन. नाई त तिची मामी नागपूरले नेतो मनून बसली हाये. साड्याच्या दुकानात घड्या घालाचं काम हाये."

"आणि तिला काय वाटतं?"

"तिले मास्तरीण व्हाचं हाये जी. साडी त तिले नेसता बी येत नाई."

संयुक्त सभा पाळीवर, बरोबर मधोमध भरली, कारण पिपरबोडीच्या सरपंच ललिताबाई मोहटोल्याच्या कार्यालयात पाय ठेवत नसत आणि मोहटोल्याचे सरपंच भैय्यालाल पिपरबोडीत चहासुद्धा पीत नसत. दोघांच्या खुर्च्या आपापल्या हद्दीत मांडल्या होत्या. अंकुश मध्ये उभा राहून दोन रजिस्टरांत एकच मजकूर दोनदा लिहीत होता.

बेशरम काढायला कुणाचाच विरोध नव्हता. पेच पडला तो निवाऱ्यासाठी लाकूड कुठून आणायचं यावर. मागच्याच वर्षी दोन्ही गावांनी मिळून वनसंवर्धन समिती केली होती आणि एकही झाड तोडायचं नाही, असा ठराव एकमताने झाला होता. दोन्ही गावांचं एकमत आयुष्यात तेवढं एकदाच झालं होतं, त्यामुळे ते मोडायला कुणी धजेना.

"त मंग खांब काय आभायातून आणता?" भैय्यालाल म्हणाले.

"बेशरम तोडाचीच हाये ना?" ललिताबाई म्हणाल्या. "त्याचेच जुडगे बांधा, खांब करा. भिंती बी त्याच्याच. वरतून धानाचं तणस टाका. एका कामात दोन कामं."

भैय्यालालना ही युक्ती इतकी आवडली, की ती समोरच्या गावाची आहे हेही ते क्षणभर विसरले. अंकुशने हळूच घसा खाकरला.

"बाई, बेशरमाची काडी ओल्या मातीत रोवली की फुटते."

"आमाले काय मालूम नाई का ते? वाळवून लावाची ना जी! ल्हानपणापासून कुंपण करून राहिलो आमी."

तसा ठराव झाला. तोडण्याचं काम मोहटोल्याचं, रोवण्याचं पिपरबोडीचं, आणि वाळवण्याचं काम 'दोन्ही ग्रामपंचायतींनी संयुक्तपणे करावं' असं ठरलं. या शेवटच्या वाक्यात पुढचं सगळं आलं. मोहटोल्याने झुडपं तोडून पाळीवर टाकली आणि वाळवणं पिपरबोडीचं म्हणून ते घरी गेले. पिपरबोडीने, मोहटोल्याने वाळवूनच टाकली असणार म्हणून ती उचलली आणि रोवली. वर पाऊस चालू होता. उरलेला कचरा प्रत्येक गावाने मोठ्या मनाने दुसऱ्याच्या हद्दीत लोटला.

दहा जुलैला बस आली. ललिताबाई आणि भैय्यालाल या दोघांनी दोन वेगळे नारळ फोडले. अकरा माणसं चढली. प्रेरणा खिडकीशी बसली, मांडीवर नवी बॅग घेऊन. लिलाधर दुसऱ्या दिवशीही तलावावर जायच्या आधी बस बघायला आला, तिसऱ्या दिवशीही आला. त्याला अजून खरं वाटत नव्हतं.

आठव्या दिवशी निवाऱ्याच्या भिंतीला कोंब दिसले. पंधराव्या दिवशी खांबांना फांद्या फुटल्या. महिना व्हायच्या आत निवारा चारही बाजूंनी हिरवागार झाला, जांभळट फुलांनी डवरला आणि त्याच्या शेंड्यांनी तणस उचलून बाजूला टाकलं. आत बसलेला माणूस बाहेरून दिसेना. प्रवासी बाहेर पावसात उभे राहू लागले आणि आत शेळ्या बसू लागल्या. शेळ्याही नुसत्या बसत, कारण बेशरमाला त्या तोंड लावत नाहीत.

पण खरी अडचण वळायच्या जागेची झाली. लोटून दिलेल्या कचऱ्यातली काडी न् काडी रुजली होती. ड्रायव्हरने दोन वेळा आरसा फोडून घेतला आणि तिसऱ्या वेळी खाली उतरला.

"साहेब, गाडी मांगं घेतो त मांगचं काहीच दिसत नाही. एक चाक तलावात गेलं त मी कोनाले जवाब देऊ? आठ दिवसांत साफ करा, नाही त मी सडकेवरूनच जाईन."

सडक तीन किलोमीटरवर होती. अंकुशने त्याच दिवशी दोन्हीकडे पत्रं लिहिली. पण धानाच्या रोवणीचे दिवस होते, दोन्ही गावं गुडघाभर चिखलात वाकलेली होती, आणि काम संयुक्त असल्यामुळे एका गावाची माणसं आल्याशिवाय दुसऱ्या गावाची येत नव्हती.

सातव्या दिवशी विस्तार अधिकारी आले. ते बससाठी आले नव्हते. दोन्ही ग्रामपंचायतींनी पाळीवर लावलेली शंभर रोपं जगली का, हे बघायला ते आले होते. रोपं खरोखर लावली होती, आणि शेळ्यांनी ती आठवड्यात खाल्लीही होती. तरी अहवालात शहाण्णव जिवंत होती. तो अहवाल अंकुशचाच होता, कारण वरून नव्वदच्या खालचा आकडा परत येत असे.

अधिकारी छत्री घेऊन गाडीतून उतरले. निवारा, वळायची जागा आणि दोन्ही बाजूची पाळ त्यांनी डोळे भरून पाहिली.

"हीच का तुमची लागवड?"

बेशरम ओळखू न येणारा माणूस त्या जिल्ह्यात जन्मायचा आहे. साहेब तर तिथलेच होते. पण त्यांनाही उद्दिष्ट होतं, आणि सकाळपासून त्यांनी चार गावं पाहिली होती, त्यात लागवडीचं एक हिरवं पान दिसलं नव्हतं.

"हो जी," ललिताबाई म्हणाल्या.

"हो जी," भैय्यालालही म्हणाले.

अंकुशने तोंड उघडलं. उद्या ड्रायव्हरने दिलेल्या मुदतीचा आठवा दिवस आहे, हे त्याला पक्कं आठवत होतं. प्रेरणाही आठवत होती. मग त्याला स्वतःचा शहाण्णवचा आकडा आठवला आणि त्याने तोंड मिटलं.

"फुलं छान आहेत," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी फोटो काढले.

फोटो वर गेले आणि वरून आदेश खाली आला. दोन ग्रामपंचायतींच्या सहकार्यातून झालेली ही लागवड आदर्श असून ती तीन वर्षं जपावी, फांदीलाही हात लावू नये. बाकी सगळं टपालाने यायचं, हा आदेश मात्र माणूस घेऊन आला. बस त्याच्या तीन दिवस आधीच बंद झाली होती.

लिलाधर हातात कुऱ्हाड घेऊन कार्यालयात आला.

"साहेब, मी एकटा तोडतो. कोनाची मदत नाई पायजे. सांजेवरी साफ करून देतो."

"तोडू नको. गुन्हा दाखल होईल. तक्रार मलाच द्यावी लागेल."

"बेशरम तोडल्याचा गुन्हा?"

"आता ती लागवड आहे."

"मी बारका होतो तवापासून बेशरमच हाये जी ती!"

अंकुशने आदेश वाचून दाखवला. लिलाधरने शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि कुऱ्हाड भिंतीला टेकवली. तेव्हा अंकुशला स्वतःची फार लाज वाटली. ती घालवायला त्याने डेपोला एक कळकळीचं पत्र लिहिलं. डेपोचं उत्तर आलं, की दाट वनीकरणामुळे मार्ग बंद असून प्रवासीही नाहीत, सबब चाचणी संपली.

प्रेरणा तीन आठवडे सडकेपर्यंत चालत गेली. सडकेवरची गाडी कधी भरून येई, कधी हात दाखवूनही थांबत नसे. पहिला तास बुडे, मग दुसराही. सप्टेंबरच्या मध्यावर मामी आली आणि या वेळी लिलाधर तिला नाही म्हणाला नाही.

तिच्या जाण्याचा दिवस नेमका पाहणीचा निघाला. नागपूरहून चाळीस सरपंचांचं शिबिर हे आदर्श सहकार्य बघायला आलं होतं. त्यांची खास एसटी सडकेवर उभी राहिली आणि पाहुण्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाळीवर आणलं गेलं. निवाऱ्यासमोर ललिताबाई आणि भैय्यालाल आयुष्यात पहिल्यांदा एकाच फोटोत आले. एका पाहुण्याने, निवारा आहे तर बस कुठे आहे, असं विचारलं. त्याला लगेच चहा देण्यात आला.

दुपारी अंकुश पाहुण्यांना सोडायला सडकेवर गेला, तर तिथे लिलाधर सायकलवर पत्र्याची पेटी बांधून उभा. शेजारी मामी आणि प्रेरणा. तासाभरात एकही गाडी थांबली नव्हती. अंकुशने एसटीच्या ड्रायव्हरशी बोलून पाहिलं. गाडी नागपूरलाच परत जात होती आणि मागच्या बाजूला जागा होती.

लिलाधरने पेटी स्वतः वर चढवली. प्रेरणा बापाच्या पाया पडली आणि अंकुशकडे न बघता आत गेली. एका प्रेमळ पाहुण्याने उठून तिला खिडकी दिली. "शिकायला चाललीस का बेटा?" असं त्यांनी विचारल्याचं खाली ऐकू आलं. तिने काय सांगितलं ते इंजिनच्या आवाजात गेलं.

बस निघाली. पाहुण्यांनी सवयीने हात हलवले, म्हणून लिलाधरनेही हलवला आणि सडक रिकामी झाल्यावरही तो थोडा वेळ तसाच हलवत राहिला.  मग तो अंकुशकडे वळला.

"गाडी चांगली होती नाई का जी, साहेब? शीट बी भेटली तिले."