बाई रागावून निघाल्यात

"एसटी आहे, रेल्वे आहे. तुझ्या भावाला, भाऊसोला नुसता निरोप दिला तरी तो जीप घेऊन न्यायला येईल," लालासाहेब जगदाळे म्हणाले. "मग मिरजेला सायकलवरून कशाला जायचं?"

"सायकल येते म्हणून," विजयमालाबाई म्हणाल्या.

यावर लालासाहेबांना काही सुचलं नाही. बावीस वर्षांच्या संसारात त्यांना बायकोच्या बोलण्यावर बऱ्याचदा काही सुचलेलं नव्हतं, आणि त्यामुळेच संसार शांततेत झाला होता.

विजयमालाबाई साताऱ्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. सायकल त्या बेचाळिसाव्या वर्षी शिकल्या. दिवाळीच्या सुट्टीत दोनदा गुडघे फोडून घेतले आणि एप्रिलपर्यंत सकाळी कोरेगावला जाऊन जेवायच्या वेळेला घरी परत येऊ लागल्या. आता मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना माहेरी, मिरजेला जायचं होतं. सव्वाशे किलोमीटर. त्यांनी वहीत भागाकार मांडला. तासाला दहा, दिवसाला सहा-सात तास, दोन दिवस. मुक्काम कराडला, डी.एड.च्या मैत्रिणीकडे. भागाकार बिनचूक होता. फक्त त्यात वाटेतली माणसं धरलेली नव्हती.

लालासाहेबांनी एकच काम केलं. त्यांच्या घरी सहा वर्षं वाट बघून नुकताच फोन आला होता आणि तो नंबर जिथे म्हणून लिहिता येईल तिथे लिहायची त्यांना हौस होती. त्यांनी एक पुठ्ठा कापला, त्यावर नाव, पत्ता आणि फोन ठसठशीत अक्षरांत लिहिला आणि कॅरिअरवर पिशवी बांधताना तो त्याच सुतळीत अडकवून टाकला.

१९९५ सालच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी पहाटे पाचला बाई निघाल्या. पायात कॅनव्हासचे बूट, पदर खोचलेला, डोक्याला पांढरा पंचा. उतारावर सायकल अशी सुटली की बाईंना वाटलं, मिरज हातात आली.

अतीतजवळ रसवंतीगृह दिसलं तेव्हा उन्हं वर आली होती. ट्रकांनी उडवलेल्या धुळीनं बाईंचे डोळे लालभडक झाले होते. रसवंतीचा मालक ज्योतिबा चरकात ऊस घालत होता आणि त्याची बायको बाळाबाई ग्लास विसळत होती.

"आवं बाई, कुटनं आलाय?" बाळाबाईनं विचारलं.

"साताऱ्याहून."

"सायकलवर? आन निगालाय कुटं?"

"मिरजेला. माहेरी."

बाळाबाईनं ग्लास खाली ठेवला. तिनं लाल डोळे पाहिले, पिशवी पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं. ज्योतिबानं मान खाली घातली, जणू काही सगळ्या पुरुषजातीच्या वतीनं.

"तुमच्या मालकास्नी ठाऊक हाय का, तुमी निगाल्याचं?"

"हो, त्यांनीच पिशवी बांधून दिली."

"आगं आई गं!" बाळाबाई म्हणाली. "पिशवी बांदून दिली?"

"अहो, तसं नाही. भांडण वगैरे काही नाही. मी आपली सुट्टी म्हणून चाललेय."

"सगळ्या असंच म्हनत्यात, बाई. मी बी म्हनायची," असं म्हणून बाळाबाईनं आलं-लिंबू घातलेला दुसरा ग्लास पुढे केला आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत. बाई निघाल्या तशी बाळाबाई पुठ्ठ्यावरचा नंबर पाठ म्हणत शेजारच्या एसटीडी बूथमध्ये शिरली.

साताऱ्यात लालासाहेब दाढी करत होते. फोन वाजला म्हणून ते साबणाच्या गालानंच आनंदानं धावले.

"जगदाळं का? बाई रस पिऊन म्होरं गेल्यात. डोळं लाल हुतं."

"कोण बोलतंय? काय झालं तिला?"

"तिला काय हुयाचंय? तुमी असं का केलं, त्ये सांगा."

"मी काय केलं?"

"आता त्ये बी आमीच सांगायचं व्हय?" असं म्हणून फोन ठेवला गेला. लालासाहेबांनी उरलेली दाढी केली, पण त्यात लक्ष नव्हतं.

उंब्रजच्या अलीकडे बाईंच्या सायकलचं मागचं चाक बसलं. अर्धा तास सायकल ढकलत त्या अल्लाबक्षच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत आल्या तेव्हा घामानं पंचा भिजला होता. अल्लाबक्षनं ट्यूब पाण्यात दाबून धरली. दोन ठिकाणी बुडबुडे आले. "काटं लई वंगाळ हायत हितलं," तो म्हणाला आणि मग अंदाज घेत म्हणाला, "लांब निगालाय जनू?"

बाई शहाण्या झाल्या होत्या. माहेर हा शब्द त्यांनी टाळला. "मिरजेला. भावाकडे."

अल्लाबक्षनं ट्यूब तशीच पाण्यात सोडली आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "जरिना, जरा भाईर ये."

जरिनानं बाईंना आत नेलं, पंख्याखाली बसवलं, कैरीचं पन्हं दिलं, मग चपाती आणि बटाट्याची भाजी वाढली. बाईंनी पुन्हा सगळं समजावून सांगितलं. भांडण नाही, रुसवा नाही, नवरा गरीब माणूस आहे.

"गरिबीचं काय मनाला लावून घ्यायचं न्हाई," जरिना म्हणाली.

"गरीब म्हणजे स्वभावानं हो!"

"किती बाजू घेताय त्येंची!" जरिनाचे डोळे भरून आले. "मी तीन डाव माहेरी गेलेय. तिन्ही डाव हे आले न्यायला. तुमचं बी येतील."

चार वाजेपर्यंत तिनं बाईंना उन्हात पाऊल टाकू दिलं नाही. बाहेर अल्लाबक्षनं दोन्ही पंक्चरं काढली, चेनला तेल घातलं, ब्रेक आवळले आणि शेजारच्या दुकानातून साताऱ्याला फोन लावला.

"साहेब, मानूस चुकतो. मी बी चुकलोय. लाजायचं न्हाई. जाऊन सरळ कबूल करायचं, मिटतं सगळं."

"अहो, पण कबूल काय करायचं?"

"बघा, ही अशी सुरुवात करायची न्हाई," अल्लाबक्ष समजुतीच्या सुरात म्हणाला.

त्या संध्याकाळी लालासाहेबांनी स्वतःच्या चुका आठवून पाहिल्या. ओला टॉवेल गादीवर टाकणं. सासुरवाडीच्या आमटीला नावं ठेवणं. यातल्या कशासाठीही बायको सव्वाशे किलोमीटर सायकल मारणार नाही, अशी त्यांची खात्री होती. तरी त्यांना जेवण गेलं नाही.

कराडचा मुक्काम मात्र सुखात पार पडला, कारण तिथली मैत्रीण बाईंना ओळखत होती.

रविवारी सकाळी पेठ नाक्याच्या अलीकडे एका गावाच्या पारावर बाई पाणी प्यायला थांबल्या. पारावर कोंडीबा नावाचे सत्तरीचे म्हातारे चार माणसांत बसले होते. पंचक्रोशीतली भाऊबंदकी, सासू-सुना, बांधाची भांडणं, सगळं त्यांच्यापुढे येऊन मिटायचं. सुट्टीचा दिवस असून एकही भांडण आलं नव्हतं, म्हणून ते जरा उदास होते. बाईंना बघून ते सावरून बसले.

"कुटं निगालीस, लेकी?"

बाईंनी हिशेब केला. खरं सांगण्यात रसवंतीवर अर्धा तास गेला होता, उंब्रजला चार तास. नाही म्हणण्यात वेळ जातो. हो म्हटलं तर हे लोक हळहळतील आणि वाट देतील.

"मिरजेला, माहेरी," त्या म्हणाल्या. "भांडून निघालेय."

पारावर एकदम जिवंतपणा आला. कुणी घोंगडं पसरलं, कुणी घरातून ताक आणलं. कोंडीबांनी पटका नीट केला. "आता सांग. काय केलं जावईबापूनं?"

हा प्रश्न बाईंनी धरला नव्हता. नवऱ्याचा एखादा गुन्हा आठवायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. "घोरतात," त्या शेवटी म्हणाल्या.

कोंडीबा बाकीच्यांकडे वळले. "घोरन्यापायी कोन सायकल काडतं का रं, भर मे म्हैन्यात? मोटं कायतरी हाय. लेक सोसती, पन नवऱ्याची इज्जत घालवत न्हाई. खानदानी हाय!"

बाईंना ताकाचे तीन पेले प्यावे लागले. पिशवीत शेंगांची पुरचुंडी, गुळाची ढेप आणि सहा कैऱ्या भरल्या गेल्या. त्या वाटेला लागताच कोंडीबा स्वतः चालत बूथवर गेले.

"जगदाळं, मी कोंडीबा बोलतोय."

"कोण कोंडीबा?"

"लेकीचा बाप समजा. तुमी काय केलंय, त्ये तिनं तोंडातनं काडलं न्हाई. पन आमाला सगळं समजलंय."

लालासाहेबांच्या हातातला फोन ओला झाला. "समजलंय?"

"समदं. आज सांजच्या आत मिरजंत जाऊन कबूल करा. न्हाईतर उद्या दोन ट्रॅक्टर भरून आमी सातारला येतो."

लालासाहेबांनी साडेनऊची एसटी धरली. आष्ट्याच्या पुढे खिडकीतून त्यांना बायको दिसली. एका विहिरीपाशी चार अनोळखी बायका तिला घेरून आंबे कापून देत होत्या आणि ती हसत होती. लालासाहेबांनी मान खाली केली आणि सांगली येईपर्यंत वर केली नाही.

पाच वाजता विजयमालाबाई मिरजेला भावाच्या दारात उतरल्या. त्यांचे पाय थरथरत होते आणि चेहरा उन्हानं तांबूस झाला होता, पण गल्लीच्या तोंडाशी त्यांनी विनाकारण दोनदा घंटी वाजवली होती. त्यांना वाटलं होतं, भाऊ हार घेऊन उभा असेल. प्रत्यक्षात भाऊसो, त्याची बायको आणि शेजारची दोन माणसं सुतकी तोंडानं बसली होती आणि मधोमध खुर्चीवर लालासाहेब होते.

"अहो, तुम्ही इथे कसे?"

लालासाहेब उठले. दोन्ही हात जोडले. "चुकलं माझं, विजया. सगळ्यांसमोर कबूल करतो. ते पत्र मी दडवायला नको होतं."

"कुठलं पत्र?"

लालासाहेबांचे हात जोडलेलेच राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की रसवाली, पंक्चरवाला आणि लेकीचा बाप, यांच्यापैकी कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

"कुठलं पत्र?" बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. हा आवाज त्यांचे विद्यार्थी ओळखत.

पत्र खिशातून निघालं. विजयमालाबाईंना मुख्याध्यापिका म्हणून बढती मिळाली होती, पाटण तालुक्यातल्या एका शाळेवर. होकार मंगळवार, सोळा तारखेच्या संध्याकाळपर्यंत साताऱ्यात लेखी द्यायचा होता. पत्र येऊन पंधरा दिवस झाले होते.

"मुदत संपली की सांगणार होतो," लालासाहेब पुटपुटले. "तू पाटणला गेलीस की घरात मी एकटाच. मला एकट्याला जेवण जात नाही."

बाई पायरीवर बसल्या. एकवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या हाताखाली हजेऱ्या भरल्या होत्या. दोन दिवसांत रस्त्यावरच्या परक्या माणसांनी त्यांना जेऊ घातलं होतं, सायकल नीट करून दिली होती, त्यांच्यासाठी डोळे पुसले होते. आणि घरचा माणूस कपाटात पत्र घालून वर त्याच कपाटातून सुतळी काढून पिशवी बांधत होता.

त्यानंतर जे भांडण झालं ते बावीस वर्षांतलं पहिलं होतं. शेजारची माणसं उठून गेली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. भाऊसो मध्ये पडायला गेला तर बाई म्हणाल्या, "तू गप. तुझ्या दाजींना एकट्याला जेवण जात नाही, तर उद्यापासून तू भरव."

"अक्का, होकार द्यायला जायचंच तर निदान सकाळच्या गाडीनं जा. दिवसात पोचशील."

"सायकलनं दोन दिवसांत पोचते. मंगळवारी दुपारी. भागाकार झालाय माझा."

सोमवारी पहाटे त्या निघाल्या. माहेरी कुणी थांबा म्हणायचं धाडस केलं नाही. पन्नास पावलं मागून लालासाहेब भाऊसोची जुनी सायकल हाणत येत होते. ती त्यांनी वीस वर्षांनी धरली होती. सांगलीपर्यंत ते "विजया, ऐक ना" म्हणत होते, पुढे दम पुरेना म्हणून नुसतंच "विजया" म्हणू लागले, आणि आष्टा जवळ आल्यावर तेही बंद झालं.

चढावर एक दूधवाला किटल्या लावलेली सायकल घेऊन बाईंच्या बरोबरीनं आला. त्यानं मागे वळून पाहिलं. घामानं निथळलेला, धापा टाकणारा, चपलेचा अंगठा तुटलेला माणूस वाकडातिकडा येत होता.

"बाई," दूधवाला हलक्या आवाजात म्हणाला, "त्यो मागचा मानूस कवाधरनं तुमच्या मागं हाय. तरास देतोय का? सांगा, हितंच उतरवतो त्येला."

विजयमालाबाईंनी ब्रेक दाबला. एक पाय जमिनीला टेकवून त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ, नीट, पहिल्यांदाच बघावं तसं पाहिलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "थोडा ओळखीचा आहे. जरा त्याला पाणी द्या तेवढं."

आणि पायडलवर पाय ठेवून त्या पुढे निघाल्या.