बाळंतिणीसाठी सभ्य सारांश

एका मुलानंतर दुसऱ्यानं किती अंतर राखावं हे निसर्ग ठरवतो, असा एक गैरसमज आहे. आमच्या चिक्कडपल्लीत ते घरातली वडीलधारी मंडळी ठरवतात, आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो.

माझी पुतणी वृषाली सिझेरियन होऊन माहेरी आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्यासोबत इंग्रजीतली चार छापील पानं दिली. टाके कच्चे आहेत, निदान दीड वर्ष पुन्हा दिवस जाऊ देऊ नका, जिवाशी खेळ होईल, असं तोंडीही बजावलं. पण बाळंतिणीनं सव्वा महिना वाचायचं नसतं, डोळे अधू होतात. (वृषाली कॉलेजात शिकवते; म्हणजे तिच्या डोळ्यांना जास्तच जपायला हवं.) तेव्हा पानं माझ्याकडे आली. चौतीस वर्षं सरकारी अनुवाद केलेला माणूस घरात असताना दुसऱ्या कुणाकडे जाणार?

मी त्यांचा मराठी सारांश केला. मूळ मजकुरात वाक्यं एकसष्ट. पैकी चारचौघांत वाचण्याजोगी नाहीत अशी अठ्ठावन्न. तिसरं पान तर सबंधच गेलं. उरला तो मजकूर असा: बाळास अंगावर पाजावे. तोवर काळजी नसावी. हात धुवावेत.

जावई पराग जवळच्याच विद्यानगरचे. मराठी बोलतात, पण वाचताना त्यांना घाम फुटतो, म्हणून मी सर्वांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. वृषालीची आई, म्हणजे आमच्या वहिनी, समोरच बसल्या होत्या. त्यामुळे ऐनवेळी ‘अंगावर’ हा शब्दही गाळला. "हौ काका, समजलं," जावई म्हणाले, आणि सव्वा महिना संपताच बायकोला घेऊन गेले. पोरीची झोप व्हावी म्हणून वहिनींनी रात्रीचं वरचं दूध आधीच सुरू करून दिलं होतं. सारांशात त्याला मनाई नव्हती.

बाळाला चौथा महिना लागला आणि वृषालीला मळमळू लागलं. दोन्ही घरांत सर्वानुमते अळिवाच्या लाडवांवर ठपका ठेवण्यात आला. लाडू बंद झाले, मळमळ चालूच. शेवटी दवाखान्यात नेलं, तर दिवस गेलेले. वहिनी परेशान. पाळीच आली नव्हती, मग हे झालंच कसं? डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की बीज पाळीच्या आधी सुटतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, असं तिन्ही असेल तरच भरवसा. एक अट मोडली की संपलं. हे सगळं तिसऱ्या पानावर छापलेलं होतं.

घरी आल्यावर वृषाली पोटावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "काका, जीव माझा होता, आणि लाज तुम्हाला वाटली."

मला तिची फार काळजी वाटते. दर पंधरा दिवसांनी तपासणीला मीच नेतो. मात्र सगळा दोष माझ्या माथी मारू नका. मघाशी पाळीचा उल्लेख आला, तेव्हा मागून कुणी वाचत नाही ना, हे तुम्हीही मान वळवून पाहिलंत.