ढग बघताना झालेली अटक

आमच्या कॉलेजात नोकरी करणाऱ्याला वर्षाला एक विषय फुकट शिकता येतो. एकावन्नाव्या वर्षी मी 'ढगांचा अभ्यास' घेतला. (आर्लिसने, म्हणजे बायकोने, सुतारकाम सुचवलं होतं. तिचं ऐकायला हवं होतं, हे वाक्य आमच्या संसारात नेहमी उशिराच येतं.)

मी शिस्त विभागात कारकून. आमच्या आयोवातल्या गावात दारू पिऊन रस्त्यावर सापडलेल्या विद्यार्थ्यांना पत्रं पाठवायची, हे माझं काम. कोर्टाचा खटला वेगळा, कॉलेजची चौकशी वेगळी. एकदा गुन्हा नोंदला गेला की पुढे नोकरीच्या प्रत्येक अर्जावर तो हजर होतो, हे मी अठरा वर्षं पोरांना बजावत आलोय.

ऑक्टोबरातला शनिवार होता. सगळं गाव फुटबॉलला निघालेलं आणि मला गृहपाठ: तासभर उताणं पडून ढगांची चित्रं काढा. वाटेत, सामन्याआधी गाडीमागे खाणंपिणं मांडून बसलेल्या वर्गातल्या केल्सीने मला थांबवलं.

"मिस्टर नोवाक, सफरचंदाचा गरम रस घ्या. गारठलात."

मी तीन पेले घेतले. दालचिनी झकास होती. (रमचं प्रमाण मला नंतर कळलं.)

ग्रंथालयासमोरच्या हिरवळीवर बूट काढून आडवा झालो. मेपलची पानं इतकी सावकाश उतरत होती की एकेकाला 'या, बसा' म्हणावंसं वाटलं. वर पांढऱ्या ढगांचा कळप चालला होता. हळूहळू ते थांबले आणि मीच चालू लागलो. खाली नदी, मक्याची शेतं, आमचं छप्पर. अंगणात आर्लिस कपडे वाळत घालत होती. मी वरून तिला हात केला.

तो हात पोलिसाच्या टोपीला लागला. टोपीखाली स्कोगेन नावाचा तरणा, सभ्य पोरगा होता.

"राहता कुठे?" त्याने विचारलं.

"आत्ता? वरच."

"दारू तपासायच्या यंत्रात फुंकायचा तुम्हाला हक्क आहे. फुंकता का?"

"कशाला? वारा आहे की."

झालं. दुपारी आर्लिस मला ठाण्यावरून घेऊन आली. गाडीत ती एवढंच म्हणाली, "बूट कुठे आहेत?"

सोमवारी डीनबाईंनी कागद पुढे केला. "लॉवेल, विद्यार्थ्याला नेहमीचं पत्र पाठव." विद्यार्थी मीच होतो. मी स्वतःला खडसावून लिहिलं, लिफाफा चिकटवला आणि दोन दिवस टपालाची वाट बघत धास्तावून बसलो.

कोर्टात चूक कबूल करून व्यसनमुक्तीचा वर्ग केला, की वर्षभरात नोंद पुसली जाते. पोरांना ते सोयीचं असतं. पण कर्मचाऱ्याने कबुली दिली, की कॉलेज त्याला काढू शकतं. (तो नियम मीच टाईप केलाय.) म्हणून खटला लढवायचा ठरला. विद्यार्थ्यांना फुकट मिळते ती वकील मला मिळाली. ती म्हणाली, "तुम्ही कोर्टात एक शब्दही बोलू नका. मिसेस नोवाक बोलतील."

स्कोगेनने साक्ष दिली: पोलिसांच्या गाडीपर्यंतची चाल डुलती, शर्टाची बटणं खालीवर, विचारलेलं एक आणि उत्तर भलतंच, डोळे कुठेतरी लांब. यंत्रात मी फुंकलंच नव्हतं. सगळी मदार या वर्णनावर.

मग आर्लिस शपथ घेऊन उभी राहिली.

"मिसेस नोवाक," वकिलीणबाईंनी विचारलं, "हे असे कधी वागतात?"

"रोज. नाश्त्यापासून."

सरकारी वकील उठला. "मग प्यायल्यावर कसे वागतात?"

आर्लिसने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाताळात दोन पेले झाले होते, तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. बटणंही बरोबर होती. मला वाटलं, सुधारले."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून मला बराच वेळ न्याहाळलं. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो, असं म्हणतात. निकाल एका ओळीचा होता: पोलिसाने पाहिलं ते दारूमुळेच, असं सिद्ध होत नाही, आरोपी निर्दोष.

नोकरी वाचली. बाहेर पायऱ्यांवर स्कोगेन टोपी हातात धरून थांबला होता.

"माफ करा सर," तो हळू आवाजात म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नव्हतं."

आणि माझा दंड धरून, दोन्हीकडच्या गाड्या थांबवून, त्याने मला रस्ता ओलांडून दिला.